ओढून नेलेलं मशीन हेही वाहनच : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मिक्सर, कॉम्प्रेसर, जनरेटर अशी बांधकामाची यंत्रं पिकअप आणि फोर बाय फोर गाड्यांमागे ओढून नेण्याबाबत

महोदय,

दिवाळी झाली की गावोगावी स्लॅबचे दिवस सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत ते चालतात. स्लॅबची गँग पहाटे निघते. पुढे पिकअप किंवा जीप, तिच्या मागे दांड्याने जोडलेला मिक्सर, मिक्सरच्या हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या पेटीत, घमेली-फावडी, आणि त्या घमेल्यांवर बसलेली चार-सहा माणसं. दिवसभर स्लॅब भरतात. काम उरकायला रात्रीचे आठ-नऊ होतात. मशीन कसंबसं धुतलं जातं, पुन्हा दांड्याला अडकवलं जातं आणि तोच लवाजमा अंधारात परतीच्या रस्त्याला लागतो. मशीनला मागे दिवा नसतो. ब्रेक नसतो. नंबर तर नसतोच.

मी सातारा जिल्ह्यात लहान-मोठ्या घरांच्या, शाळाखोल्यांच्या, साकवांच्या बांधकामांवर देखरेख करतो. हा प्रवास माझ्या कामाचाच भाग आहे आणि तो मला रोज दिसतो. तो आपल्या खात्यालाही दिसावा, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त चालतो तो दहा-सातचा मिक्सर. दहा घनफूट कोरडा माल आत गेला की सात घनफूट ओलं काँक्रीट बाहेर येतं, म्हणून हे नाव. त्याचं वजन टनभर असतं, माल वर चढवणारी लिफ्ट जोडलेली असेल तर त्याहून बरंच जास्त. खाली सहाशे-सोळा मापाचे टायर असतात आणि धक्का झेलणारे पाटे बहुतेक वेळा नसतातच. एका साईटवर चार हात इकडेतिकडे सरकवता यावं, एवढ्यासाठी ही चाकं दिलेली असतात. त्याच चाकांवर हे मशीन तीस-चाळीस किलोमीटर डांबरी रस्त्याने धावतं, गाडी नेईल त्या वेगाने. खड्ड्यात आदळलं की सगळा धक्का एक्सलला, बेअरिंगला आणि दांड्याच्या पिनेला बसतो.

कायद्यात ही पळवाट आहे असं बऱ्याच ठेकेदारांना वाटतं. "मशीनला कसलं पासिंग?" असं ते विचारतात, आणि खरोखर तसं समजूनच विचारतात. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम २ वाचलं तर असं दिसतं की सेमी-ट्रेलर आणि साइडकार सोडून मोटार वाहनाने ओढलं जाणारं किंवा ओढण्यासाठी असलेलं कोणतंही वाहन म्हणजे ट्रेलर, आणि 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे नोंदणी आली, विमा आला, दिवे आणि रिफ्लेक्टर आले. १९८९ पासूनच्या रस्त्यावरच्या नियमांतही दुसऱ्या मोटारीने काय ओढावं हे मोजून सांगितलेलं आहे : बंद पडलेली गाडी, पूर्ण जुळणी न झालेली गाडी, नोंदणी झालेला ट्रेलर आणि साइडकार. नोंदणी नसलेला मिक्सर यांपैकी कशातच बसत नाही. नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणलं तर कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. म्हणजे कायदा आहे. रस्त्यावर मात्र पोलीस गाडीचा पीयूसी बघतात, चालकाचा पट्टा बघतात, आणि मागे दीड टनाचं लोखंड उभं असताना गाडी पुढे सोडतात.

माझं म्हणणं असं आहे की या यंत्रांना आपण ट्रेलर म्हणून ओळख द्यावी आणि ती ओळख मिळवण्याचा रस्ता गावच्या ठेकेदाराला परवडेल इतका सोपा ठेवावा. नुसता दंड वाढवला तर हीच यंत्रं आज रात्री नऊला निघतात, ती उद्या रात्री एकला निघतील.

यात सगळ्यांत मोठा प्रश्न ब्रेकचा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अलीकडे ठेकेदारांकडे चांगल्या दणकट फोर बाय फोर गाड्या आल्या आहेत. चिखलात रुतलेलं मशीन त्या सहज बाहेर काढतात, साईटवरचा चढ फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जास्त जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, चढून जातात. त्यामुळे मनात असं बसतं की गाडी ओढू शकते म्हणजे नेऊ शकते. चारही चाकांना ताकद मिळण्याचा फायदा गाडी हलवताना आणि चढवताना होतो. कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर फोर बाय फोर असो की साधी पिकअप, थांबायला दोघींकडे तेवढेच चार टायर आणि तेवढेच ब्रेक असतात. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांमधला फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून चालवायचा नसतोच, वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा फेर जुळत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो.

एक ढोबळ हिशेब मांडतो. दोन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, तर पेडल दाबल्यापासून ती साधारण २३ मीटरमध्ये थांबते असं धरू. आता तिच्या मागे ब्रेक नसलेलं दीड टनाचं मशीन आहे. ब्रेक दोन टनांचेच, थांबवायचे साडेतीन टन. तोच ब्रेक, तोच रस्ता, आणि थांबायला लागतात सुमारे ४० मीटर. चालकाच्या लक्षात येऊन पाय पेडलवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. रस्ता ओला असेल, गाडीचे मागचे टायर गुळगुळीत असतील किंवा उतार असेल, तर हा आकडा आणखी वाढतो.

हे फक्त सरळ रस्त्याचं झालं. वळणावर ब्रेक दाबला की मागचं वजन गाडीच्या पाठीला तिरकं ढकलतं, मागची चाकं सरकतात आणि गाडी-मशीन कात्रीसारखे एकमेकांवर मिटतात. खंबाटकीच्या उतारावर, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना, आंबेनळी घाटात, वरंधा घाटात हे कधीही होऊ शकतं. नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मोठ्या मालवाहू गाडीने अनेक गाड्यांना धडक दिली होती. मोठ्या, नोंदणी झालेल्या, ब्रेक असलेल्या वाहनाची त्या उतारावर ही गत होते, तर ब्रेकच नसलेल्या मशीनचं काय व्हावं? घाट उतरताना ज्या गिअरमध्ये आपण चढलो असतो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल करायचं नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे जुने ट्रकचालक जाणतात. पिकअप चालवणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला ते कुणी सांगितलेलं नसतं.

यावर उपाय अवघड नाही. परदेशात लहान ट्रेलरना जो ब्रेक असतो त्याला ना वायर लागते ना हवेची टाकी. गाडीने ब्रेक मारला की मागचं वजन पुढे सरकतं, दांड्याचं तोंड थोडं आत जातं आणि त्याच दाबाने ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. सोबत एक बारीक पोलादी दोर असतो. दांडा सुटलाच तर तो दोर ताणला जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावतो आणि मग तुटतो. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलोचा चालतो, किंवा गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतचा, यांपैकी जे कमी असेल तेवढाच. त्याहून जड असेल तर ब्रेक सक्तीचा, आणि ब्रेक असूनही सर्वसाधारण गाड्यांसाठी मर्यादा ३,५०० किलोची. तिथे कारमागे जड ट्रेलर ओढण्यासाठी जी वेगळी चालक परीक्षा होती, ती १६ डिसेंबर २०२१ पासून काढून टाकली गेली. वजनाची आणि ब्रेकची अट मात्र कायम ठेवली. आपल्याकडे वेगळी परीक्षा नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं. परवान्याचं ओझं वाढवा असं मी म्हणत नाही. वजन आणि ब्रेकचा नियम तेवढा कडक हवा.

चाकणला बनणारी स्कॉर्पिओ ऑस्ट्रेलियात विकली जाते, तेव्हा कंपनी तिथे लिहून देते की ही गाडी ब्रेक असलेला २,५०० किलोचा ट्रेलर ओढेल आणि ब्रेक नसलेला फक्त ७५० किलोचा. चाकणहून जेमतेम तासाभराच्या अंतरावरच्या साईटवर त्याच ताकदीच्या गाडीमागे काय आणि किती लावायचं, हे मात्र मुकादम नजरेने ठरवतो. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकअप आणि फोर बाय फोर गाडीची ओढण्याची क्षमता, ब्रेकसह आणि ब्रेकविना, आरसी बुकावर छापून यावी यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा. पुण्यातच वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था आहे. मिक्सर-कॉम्प्रेसरसाठी बसवता येईल असा स्वस्त ब्रेक-दांडा तिथे तपासून मान्य करून घेता येईल, आणि मग कोल्हापूर, सांगली, नाशिकमधले फॅब्रिकेशनवाले तो बनवतील.

फॅब्रिकेशनवाल्यांचा विषय निघालाच आहे, तर हुकाबद्दलही बोललं पाहिजे. गाडीच्या पुढे-मागे जे हूक कंपनीकडून येतात, ते रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी असतात. एकदाच, सरळ रेषेत, थोडा वेळ ओढायचं काम त्यांचं. ट्रेलरचा दांडा गाडीच्या पाठीवर वजनही टाकतो आणि प्रत्येक खड्ड्याला वर-खाली झटकाही देतो. त्यासाठी चेसिसला, कंपनीने दिलेल्या जागी, बोल्टने बसवलेला टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मजबूत दांडा, लागतो. आपल्याकडे चॅनलचा तुकडा चेसिसला वेल्ड करतात, त्यात भोक पाडतात आणि सळईचा तुकडा पिन म्हणून घालतात. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचं लोखंड नेमकं जिथे ताण येणार तिथेच कमजोर होतं. शिवाय कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, त्यामुळे अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तिकडेच बोट दाखवते. मान्य टो-बारची यादी आपल्या खात्याने जाहीर केली, तर हा प्रश्न निम्मा सुटेल.

पिन निसटू नये म्हणून तिला लावायची आर-क्लिप आणि दांड्याखालून उलटसुलट बांधलेल्या दोन साखळ्या, एवढा खर्च एका गोणी सिमेंटच्या आसपास येतो. पिन निसटली तर दांडा जमिनीत न घुसता साखळ्यांवर तोलून राहतो. माझ्या साईटवर येणाऱ्या प्रत्येक मशीनला मी ही अट घालतो आणि ठेकेदार ती पाळतातही, कारण खर्च किरकोळ असतो. दोन चाकी कॉम्प्रेसर आणि जनरेटर ओढताना आणखी एक गोष्ट बघावी लागते : एकूण वजनाचा साधारण विसावा ते दहावा हिस्सा दांड्याच्या तोंडावर यायला हवा. डिझेलचे कॅन, पाइपांचे वेटोळे, ब्रेकर असं सामान मागच्या बाजूला रचलं की तोंड हलकं होतं आणि वेग वाढला की मागचं शेपूट मारायला लागतं. तसं झालं की चालक घाबरून ब्रेक दाबतो, आणि तिथेच गाडी उलटते. एक्सलेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि गाडीला स्वतःहून मंदावू द्यायचं, हे शिकवायला एक तास पुरतो.

आता अंधाराबद्दल. चौपदरी महामार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. समृद्धीवर तर १२०. त्याच पुणे-सातारा किंवा सातारा-कोल्हापूर रस्त्यावर मिक्सर ओढणारी गाडी तिशीने चाललेली असते. दोन्हींतला फरक सत्तर किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १९ मीटर. सिमेंटने माखलेलं करडं मशीन, मागे लाल ठिपकासुद्धा नाही, आणि गाडीचे टेललाइट मशीनच्या आड गेलेले. त्यात लिफ्टचा आडवा पाडलेला खांब मागे बाहेर आलेला असतो. मोटारसायकलवाल्याच्या नजरेला तो शेवटच्या क्षणापर्यंत येत नाही. असं बाहेर आलेलं सामान नेणाऱ्यावर कलम १९४ खाली २०,००० रुपयांचा दंड आहे, पण मशीनच्याच अंगाचा भाग असल्यामुळे त्याकडे सामान म्हणून कुणी बघत नाही.

उसाच्या ट्रॉल्यांबाबत हे काम आपल्याच खात्याने करून दाखवलेलं आहे. गळीत हंगाम सुरू झाला की परिवहन अधिकारी आणि पोलीस कारखान्याच्या गव्हाणीपाशी, वजनकाट्यापाशी उभे राहतात आणि ट्रॉल्यांना कापडी रिफ्लेक्टर लावतात. तिथे सगळ्या ट्रॉल्या एका फाटकातून येतात म्हणून ते जमतं. मिक्सरला असं फाटक नाही. स्लॅबची गँग कुठल्या कारखान्याची नसते, ती आज या वाडीवर तर उद्या त्या वाडीवर. पण त्या गँगमधला कामगार महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदवलेला असतो, किंवा नोंदणीसाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला जमवत असतो. मंडळ कामगाराला हेल्मेट, बूट असा सुरक्षा संच देतं. तो कामगार ज्या मशीनवर बसून येतो त्या मशीनला मागे लाल, बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी, चुंबकाने चिकटणारे दिवे आणि साखळीची जोडी देणं मंडळाला जड जाणार नाही. आपलं खातं आणि मंडळ एकत्र बसलं, तर तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसाच्या शिबिरात नोंदणी, तपासणी आणि पट्ट्या तिन्ही कामं उरकतील.

मशीनवर माणसं बसवण्याबद्दल मात्र सवलत नको. हॉपरमध्ये, दांड्यावर, ड्रमच्या कठड्याला धरून बसलेल्या माणसांमध्ये बायका असतात, कधी त्यांच्या कडेवर मूल असतं. दिवसभर घमेली वाहून अंग आंबलेलं असतं, डोळा लागतो, हात सुटतो. दांड्यावरून पडलेला माणूस थेट मिक्सरच्या चाकाखाली जातो, कारण चाक त्याच्या बरोबर मागे असतं. ठेकेदार म्हणतात, दुसरी गाडी परवडत नाही. स्लॅबच्या दरात पाणी, डिझेल, मशीनचं भाडं, जेवण सगळं धरलेलं असतं, मग माणसं ने-आण करायचा खर्च का धरला जात नाही? घरमालकांनीही हा दर वेगळा विचारून द्यावा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबच्या एकूण खर्चात तो दिसणारसुद्धा नाही.

अपघात झाल्यावर काय होतं तेही आपण जाणता. ट्रेलरचा विमा गाडीच्या विम्यात आपोआप येत नाही. नोंदणी नाही म्हणून मशीनचा विमा नाही, आणि मशीन जोडलेलं होतं म्हणून गाडीचा विमा वादात. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं तारखा. ज्याचं माणूस गेलं तो एका बाजूला, आणि कर्ज काढून मशीन घेतलेला ठेकेदार दुसऱ्या बाजूला, दोघेही भरडले जातात. लिफ्टचा मिक्सर चालवणारा बहुतेक ठेकेदार स्वतःच कालपर्यंत गवंडी किंवा सेंट्रिंगवाला होता. त्याला कायद्याच्या आत यायचं आहे. पण मशीनचं पासिंग करायला तो गेला, तर कुठला अर्ज, कुठली श्रेणी, चेसिस नंबर कुठून आणायचा, याची सरळ उत्तरं त्याला खिडकीवर मिळाली पाहिजेत.

मिनी एक्स्कॅव्हेटरसारखी जड यंत्रं आता खेड्यांतही येऊ लागली आहेत. तीन टनांचं यंत्र आणि त्याखालचा ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या पलीकडे जातात. असा भार फोर बाय फोरमागे लावूच नये, तो ट्रकवर चढवून, चारही कोपरे साखळीने आवळून आणि बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, खाली टेकवून न्यावा, एवढी एक ओळ आपल्या परिपत्रकात जरूर असावी. साडेसात-आठ टनांचं बॅकहो लोडर, म्हणजे ज्याला आपण जेसीबी म्हणतो ते, स्वतःच्या चाकांवर जातं आणि त्याची नोंदणीही होते. तिथे नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. मधली ही टन-दीड टनांची यंत्रं तेवढी मोकाट राहिली आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या दिवाळीपूर्वी आपण एक परिपत्रक काढावं : ७५० किलोंवरच्या ओढल्या जाणाऱ्या बांधकाम यंत्रांची ट्रेलर म्हणून सोपी नोंदणी, दोन हंगामांच्या मुदतीत ब्रेक बसवण्याची सक्ती, आणि साखळी, रिफ्लेक्टर व मागचे दिवे यांसाठी कुठलीही मुदत नाही, ते पहिल्याच दिवसापासून. दिवे बसेपर्यंत सूर्यास्तानंतर ही यंत्रं राज्य आणि राष्ट्रीय महामार्गांवर येऊ नयेत. मशीनवर बसलेला माणूस दिसला की गाडी तिथेच थांबवावी आणि त्या माणसांना घरी पोहोचवण्याची सोय ठेकेदाराकडून करून घेतल्याशिवाय सोडू नये. पहिलं शिबिर आपण सातारा जिल्ह्यात घेतलंत, तर आमच्या तालुक्यातल्या ठेकेदारांना मशीनसह तिथे आणण्याची जबाबदारी मी घेतो. मैदान, वजनकाटा आणि वेल्डिंगची सोय आम्ही करू. आपण फक्त निरीक्षक पाठवा आणि तारीख कळवा.

आपला,
लहान बांधकामांवर देखरेख करणारा एक अभियंता
जिल्हा सातारा